बारा पेरांचा देश

सरिता उभी राहिली तेव्हाच मी ओळखलं, आता काही खरं नाही. उभं राहायची काही गरज नव्हती. मऊ खुर्ची दिलेली होती, समोर पाण्याचा ग्लास होता आणि चौकशी करणाऱ्या मॅरियनने दोनदा सांगितलं होतं की बसूनच बोल. पण प्रश्न विचारला की उभं राहून उत्तर द्यायचं, हे जिच्या अंगात भिनलंय तिला खुर्चीत कोण बसवणार? तिने कार्डिगनची बटणं लावली, पाय जुळवले, डावा हात मांडीशी सोडला आणि सुरू झाली. तुवालू हा नऊ लहान प्रवाळबेटांचा देश असून तो प्रशांत महासागरात ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या साधारण मध्यावर वसलेला आहे. बोलत होती इंग्रजीत, पण चाल थेट आपल्या मराठी शाळेतली, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर चढणारी.

मी टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसले होते. कोण काय बोललं ते टाइप करायचं, एवढंच माझं काम. मी जर्ट्रूड डिमेलो, मूळची वसईची. मेलबर्नला येऊन एकोणीस वर्षं झाली, राहते पॉइंट कुकला, आणि गेली सहा वर्षं या कॉलेजच्या ऑफिसात आहे. कॉलेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर झाडं, मैदान, घड्याळाचा मनोरा येत असेल तर तो पुसून टाका. शहरातल्या एका ऑफिसांच्या बिल्डिंगचे तीन मजले, बास. करोना सरला, सीमा उघडल्या आणि विद्यार्थ्यांचा असा लोंढा आला की सकाळी लिफ्टची रांग फुटपाथवर जायला लागली. कँटीन उठवून तिथे दोन वर्ग काढले. पंजाबचे, नेपाळचे, कोलंबियाचे, गुंटूरचे, आणंदचे. त्यात ही एक करमाळ्याची सरिता नलवडे, वय वर्षं एक्केचाळीस.

त्या खोलीत काय ठरणार होतं ते आधीच सांगते, उगाच ताणून धरायची मला सवय नाही. सरिताच्या दोन वर्षांच्या कोर्सचा हा शेवटचा विषय. 'पॅसिफिकमधले शेजारी' असं गोंडस नाव. मागच्या वर्षी ती त्यात एकदा नापास झाली होती. आज दुसऱ्यांदा शून्य पडलं तर कॉलेजातून नाव कमी होणार, नाव कमी झालं की व्हिसा जाणार, आणि तिच्या व्हिसाला नवरा आणि मुलगी दोघंही बांधलेले. प्रताप तिकडे शाळेची व्हॅन चालवायचा, इथे गोदामात पेट्या उचलतो. ओवी टार्निट या उपनगरातल्या शाळेत अकरावीला, पुढच्या वर्षी बारावी. ती आता परत गेली तर तिकडे पुन्हा अकरावीपासून. तिघं जण टार्निटला दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत राहत होते, आणि ओवी कपाटाचं दार उघडं ठेवून त्याच्या आडोशाला अभ्यास करायची. एवढं सगळं त्या एका उत्तरपत्रिकेवर टांगलेलं होतं.

आरोप साधा नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये लपवून मजकूर नेला, असा होता. प्रश्न आला होता, एका लहान बेटराष्ट्राची अर्थव्यवस्था, शासन, भूगोल आणि लोक यांची चर्चा करा. सरिताने तुवालू लिहिलं. अकरा पानं. ती अकरा पानं विषय शिकवणाऱ्या ग्रॅहमच्या छापील नोट्सशी शब्दन् शब्द जुळत होती. आणि हॉलवर नजर ठेवणाऱ्या बाईने लिहून दिलं होतं की ही विद्यार्थिनी लिहिताना सारखी आपल्या डाव्या तळव्याकडे बघत होती.

तळव्यावर काही लिहिलेलं असणार, असाच कुणाचाही समज होईल. गोऱ्या बाईचा तर होणारच.

माझा झाला नाही, कारण मला ठाऊक होतं.

सरिताची आणि माझी ओळख झाली ती मागच्या वर्षी, ती पहिल्यांदा पकडली गेली तेव्हा. निबंधात एका पुस्तकातली दोन पानं तिने जशीच्या तशी उतरवली होती. पत्र घेऊन काउंटरवर आली. रडली नाही, भांडली नाही. पत्रावर बोट ठेवून तिने मला विचारलं, यातली माहिती चुकलीय का? म्हटलं, माहिती बरोबर आहे, पण ती तुझी नाही. तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली, "आता तुवालूची माहिती माझी कशी असेल बाई?" ते मराठीत होतं. मला हसू आवरेना. सहा वर्षांत कॉलेजच्या काउंटरवर इतकं रास्त वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मग ती जेवणाच्या सुट्टीत येऊ लागली. मागच्या स्टेशनरीच्या खोलीत आम्ही दोघी बसायचो. ती ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायची. ज्वारीचं पीठ मिळावं म्हणून कुठल्या कुठे जायची. मी आणायची माशाचं कालवण, ते ती लांबूनच बघायची. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांशी अशी घसट ठेवू नये असा नियम आहे, आणि ठेवलीच तर कळवावं असाही आहे. मी कळवलं नाही. म्हटलं, दोन घास खातो, त्यात काय कळवायचं?

तिकडे ती भूगोलाची बाई होती. विनाअनुदानित शाळा. पहिली नऊ वर्षं एक रुपया पगार नाही. आज अनुदान येईल, उद्या येईल, म्हणून रोज सात किलोमीटर जायची आणि शिकवून यायची. शेवटी अनुदान आलं, तेही वीस टक्के. त्यावर पाच वर्षं काढली आणि मग एके दिवशी राजीनामा देऊन टाकला. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, सगळ्या जगाचे देश शिकवले, ताई, एकही बघितला नाही.

आणि शिकवायची कशी, तर हातावर. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे बारा. कुठलाही देश असो, बारा मुद्दे. करंगळीला स्थान, विस्तार, भूरचना. अनामिकेला हवामान, पाणी, शेती. मधल्या बोटाला मासेमारी, उद्योग, व्यापार. पहिल्या बोटाला शासन, लोक, समस्या. अंगठा एकेका पेरावरून सरकवत जायचं, एकही मुद्दा सुटत नाही. तिच्या शाळेतली पोरं दहावीला भूगोलात कधी नापास झाली नाहीत, हे ती मला चारदा तरी सांगून चुकली होती. ब्राझील घे, जपान घे, सगळे देश त्या बारा पेरांत बसायचे.

इंग्रजीची ती परदेशी जायची परीक्षासुद्धा तिने तशीच काढली. चाळीस निबंध पाठ केले, त्यातला एक आला.

आता माझं पाप सांगते. ऑगस्टमध्ये तिला कळलं की या वेळी निबंध नाही, हॉलमध्ये बसून लेखी परीक्षा आहे. ती घाबरलेली. म्हणाली, ताई, आता कसं करू? घरून लिहिलं तर कॉपी म्हणतात, हॉलमध्ये काय म्हणतील? मी भाकरी मोडत होते, पाच मिनिटांत काउंटर उघडायचं होतं. मी म्हटलं, "अगं, हॉलमध्ये पुस्तकच नाही, तर कॉपी कसली? ग्रॅहमच्या नोट्स आहेत ना? तोंडपाठ कर आणि ओकून ये."

हे मी म्हटलं. या कॉलेजच्या नियमांची अख्खी पुस्तिका जिने स्वतः टाइप केली, तिने. मी स्वतः बीकॉम असंच झाले होते. वसईतले आमचे सर सांगायचे, उत्तर पुस्तकाशी ताडून बघा, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अर्धा मार्क गेला. माणूस कितीही वर्षं कुठेही राहो, घाईत तोंडातून बाहेर पडतं ते शाळेतलंच. पण ही काही सबब नाही.

तिने माझं ऐकलं, आणि कसं ऐकलं! शनिवार-रविवार ती एका वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत काम करायची. तिथे चादरींच्या घड्या घालताना एका घडीला एक वाक्य. पहाटे टार्निटच्या तळ्याभोवती फेऱ्या मारताना स्थान ते समस्या, पुन्हा स्थान ते समस्या. ओवी म्हणायची, "आई, प्लीज, पीपल आर स्टेअरिंग." प्रतापला तर झोपेत विचारलं असतं तरी त्याने तुवालूची राजधानी सांगितली असती. आणि तिला तो देश आवडायला लागला होता, ही गंमत मला तेव्हा कळली. भाकरी खाता खाता सांगायची, ताई, तिथे नदी नाही, ओढा नाही, विहिरीचं पाणी खारट, सगळं गाव पत्र्यावरून पडणारं पाणी टाकीत धरून पितं. माती सुद्धा धड नाही हो. प्रवाळात खड्डे खणतात, त्यात वर्षानुवर्षं पाला कुजवतात आणि त्या खड्ड्यात अळूसारखे कंद लावतात. "माती बनवतात, ताई. माणसं माती बनवतात." करमाळ्याकडे टँकरमागे घागरी घेऊन धावलेली बाई ती. तिला हे जसं कळलं, तसं त्या वर्गातल्या कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी बातमी आली की ऑस्ट्रेलियाने तुवालूशी करार केला, समुद्र वर चढतोय म्हणून दरवर्षी तिथल्या दोनशे ऐंशी माणसांना इथे राहायला घेणार. सरिताने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. बरं झालं बाई, म्हणाली, पाच मीटरसुद्धा उंची नाही, किती दिवस राहतील तिथे? तिला खरंच आनंद झाला होता. आपल्याला इथे कोण ठेवून घेणार, हा विचार तिच्या मनातही आला नाही. माझ्या आला, पण मी बोलले नाही.

दहा दिवसांनी आरोपाचं पत्र निघालं. ते मीच टाइप केलं.

तर चौकशीच्या त्या मंगळवारी ती उभी राहून म्हणत होती आणि ग्रॅहम नोट्सच्या पानांवर बोट ठेवून वाचत होता. ग्रॅहम उंच, हाडकुळा, दोन वर्षं त्या देशात राहून आलेला माणूस. सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर राग होता. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसल्यावर येतो तसा. स्थान झालं, विस्तार झाला, सव्वीस चौरस किलोमीटर. विमानतळाची धावपट्टी हीच गावातली सगळ्यात मोठी सपाट जागा, म्हणून विमान नसेल तेव्हा संध्याकाळी पोरं तिथे फुटबॉल खेळतात. ग्रॅहमचं बोट पानावर सरकत होतं आणि ते कुठेही अडत नव्हतं. हळूहळू त्याचा राग गेला आणि तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

मॅरियन अध्यक्ष. सरळ बाई आहे, वाईट नाही. तिने मध्येच हात वर केला आणि विचारलं, तुझ्या हातात काय आहे? सरिताला कळेना. मॅरियन म्हणाली, डावा हात, तुझा अंगठा हलतोय, प्लीज तो हात टेबलावर ठेव.

सरिताने हात पुढे केला आणि उघडला. तळवा कोरा. लॉन्ड्रीतल्या गरम पाण्याने लाल झालेला, बोटांच्या टोकांना भेगा. एक्केचाळीस वर्षांच्या बाईचा हात दोघांनी वाकून बघितला, जसा पोलीस बघतात. माझे डोळे भरून आले आणि मी स्क्रीनकडे बघितलं. मग तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून सांगितलं, हे पेर स्थान, हे पेर विस्तार, हे पाणी. मी माझ्या विद्यार्थ्यांना असं शिकवते. शिकवायचे, असं तिने दुरुस्त केलं. पुढे म्हणू का, म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिथे सोडलं होतं तिथून उचललं. परदेशी बोटींना मासेमारीचे परवाने, इंटरनेटच्या पत्त्यातल्या 'टीव्ही' या दोन अक्षरांचं भाडं, जहाजांवर नोकरीला गेलेल्यांनी घरी धाडलेले पैसे. तिच्या डोक्यात एकच होतं. मी काही नेलं नव्हतं हे सिद्ध करायचं. एक शब्द चुकला तर गेले.

एक शब्द चुकला नाही. शेवटचं वाक्य म्हणून ती बसली, ग्लासातलं पाणी एका दमात प्यायली. तिच्या तोंडावर काय उजेड होता म्हणून सांगू! तिला वाटलं, सुटले.

आणि मला दिसत होतं की ती आणखी खोल गेली. नियम क्रमांक चार. दुसऱ्याचे शब्द स्वतःचे म्हणून लिहिणे, मग ते कागदावरून असोत की आठवणीतून. चोरून मजकूर नेल्याचा आरोप तिने धुऊन काढला होता, आणि तो धुताना दुसरा आरोप स्वतःच्या तोंडाने, उभं राहून, बारा मुद्द्यांत कबूल केला होता.

ग्रॅहमने चष्मा काढला. हळू आवाजात म्हणाला, "हे अचाट आहे. पण सरिता, हे माझे शब्द आहेत. तुझे कुठे आहेत? तुला तुवालूबद्दल काय वाटतं?"

बोलणार होती ती. मला दिसत होतं, तिच्या ओठांशी आलं होतं, टँकर, खड्डे, पत्र्यावरचं पाणी. पण ते सगळं मराठीत होतं. इंग्रजीत तिच्याजवळ होते ते ग्रॅहमचेच शब्द. "नो रिव्हर," ती म्हणाली. "माय प्लेस ऑल्सो." एवढ्यावर अडली. तिने माझ्याकडे बघितलं. दुभाष्या मागायचा हक्क होता तिला, आणि दुभाषी चार फुटांवर बसलेली होती. मी मान खाली घालून 'नो रिव्हर' टाइप केलं.

मग मॅरियनने जे विचारलं ते तिने चांगुलपणाने विचारलं, हे मी आजही मानते. नियम क्रमांक सात असा आहे की कॉलेजच्या एखाद्या कर्मचाऱ्याने चुकीचा सल्ला दिल्यामुळे विद्यार्थ्याची चूक झाली असेल, तर शून्य द्यायचं नाही, परीक्षा परत घ्यायची. मॅरियन तो दरवाजा उघडून बघत होती. तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, नोट्स पाठ करून जशाच्या तशा लिही, असं तुला इथल्या कुणी सांगितलं होतं का?

सरिताने माझ्याकडे बघितलं. फार नाही, एक श्वासभर. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मी काय करतेय ते ती नुसतं बघत होती. आणि मी काय करत होते, तर प्रश्न टाइप करून पुढे उत्तराची जागा कोरी ठेवून बसले होते.

"नो मॅडम," ती म्हणाली. "इन माय कंट्री, वुई लर्न लाइक धिस."

मी टाइप केलं. नाही.

तिला बाहेर बसवलं. ग्रॅहम परत परीक्षा घ्या म्हणून हटून बसला. मॅरियन म्हणाली, मलाही वाटतं, पण दुसरी वेळ आहे आणि सातव्या नियमाशिवाय माझे हात बांधलेत. मग ती माझ्याकडे वळली. जर्ट्रूड, ही तुझ्या काउंटरवर यायची ना, तुला काही माहीत आहे का? अगदी सरळ विचारलं. मी म्हटलं, काउंटरवर खूप जणी येतात.

माझी नोकरी वर्षावर्षाच्या करारावर आहे. एकतीस डिसेंबरला करार संपत होता आणि नव्या कराराचे कागद मॅरियनच्याच टेबलावर होते. फॅबियनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बायपास होऊन तीन महिने झाले होते, तो घरी होता. विद्यार्थिनीशी ओळख लपवली, तिला चुकीचा सल्ला दिला, आणि वर तिच्याच चौकशीला लिहायला बसले, हे कळल्यावर मला कुणी ठेवलं नसतं. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं मला त्या खोलीत, त्या क्षणी, इतक्या भराभर आठवलं की मला माझीच किळस आली. त्या रविवारी मी चर्चमध्ये कन्फेशनच्या रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर यायच्या आधी बाहेर पडले. फॅबियनला सांगितलं, डोकं दुखतंय.

सरिताला आत बोलावून निकाल सांगितला. शून्य. अपील करायला वीस दिवस, पण काही नवीन पुरावा असेल तरच. सरिताने मान हलवली. ती रडेल म्हणून मॅरियनने टिश्यूचा डबा पुढे सरकवला होता, तो तसाच राहिला. तिने एकच विचारलं, माझ्या मुलीची शाळा वीस डिसेंबरपर्यंत आहे, तोपर्यंत तिला जाता येईल का? मॅरियनने फायलीतल्या तारखा पुन्हा बघितल्या. शेवटी म्हणाली, हो, तोपर्यंत काही होणार नाही.

बाहेर पॅसेजमध्ये ती खुर्चीवर बसली होती. चौकशीचा वृत्तांत छापून त्यावर विद्यार्थ्याची सही घ्यायची असते, म्हणून थांबलेली. समोरून पोरं येत जात होती, कुणी हेडफोन लावून, कुणी गरम नूडल्सचा डबा घेऊन. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. काय बोलणार? तरी माझ्या निर्लज्ज तोंडातून निघालंच, "माझं नाव का नाही घेतलंस?"

तिने समोरून जाणाऱ्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाली, "शाळेत पोरं कॉपी करताना सापडायची. मी विचारायचे, चिठ्ठी कुणी दिली? मार खायची, पण सांगायची नाहीत." तिने कार्डिगनची बाही ओढून हात झाकले. "मला त्या पोरांचा लई राग यायचा, ताई."

मी आत जाऊन प्रिंटरपाशी उभी राहिले. तीन पानं आली. अजूनही वेळ होता. मॅरियन खोलीतच होती, दार उघडं होतं, मला फक्त दहा पावलं चालायची होती. मी पानं स्टेपल केली आणि पॅसेजकडे वळले.

सरिताने पेन मागितलं आणि पानं मांडीवर घेतली. लोक अशा कागदावर डोळे झाकून सही करतात. हिने वाचायला घेतलं, पहिल्या ओळीपासून, ओळीखाली पेनाचं टोक धरून, बाई पेपर तपासतात तशी. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर तिने पाठ म्हटलं त्याचा मी चार ओळींत सारांश दिला होता, तिथे एका ठिकाणी तिने बारीक खूण केली. तिसऱ्या पानावर तो प्रश्न होता. कर्मचाऱ्यांपैकी कुणी सल्ला दिला होता का? त्यापुढे, नाही. पेनाचं टोक त्या शब्दाखाली येऊन थांबलं. तिने काही केलं असतं तर मी अडवलं नसतं, देवाशपथ. पेन पुढच्या ओळीवर गेलं.

सगळं वाचून झाल्यावर तिने दुसरं पान उलटून माझ्यापुढे धरलं.

"ताई, संसदेत सोळा सदस्य आहेत," ती म्हणाली. "तुम्ही पंधरा लिहिलेत. पंधरा आधी होते."

मी परत जाऊन लॅपटॉप उघडला. पंधराचे सोळा केले, बाकी मजकूर होता तसा ठेवला आणि नवी प्रत आणून तिच्या हातात दिली. तिने ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली आणि सही केली.